सडा पावसात बघा: लहान अणुवीज केंद्रासाठी कोकणात जागा कशी पारखावी

मी भूवैज्ञानिक आहे. चौतीस वर्षं कोकणात बोअर घेतले. रेल्वेच्या बोगद्यांसाठी, धरणांसाठी, जेटींसाठी, एका औष्णिक केंद्राच्या पायासाठी. आता निवृत्त होऊन घरी आंब्याची कलमं सांभाळते. गेल्या वर्षात तीन तरुण इंजिनीअर वेगवेगळ्या वेळी माझ्याकडे आले आणि तिघांनी एकच विचारलं: लहान अणुभट्टीसाठी किनाऱ्यावर जागा शोधायची झाली तर सुरुवात कुठून करायची? २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये ठेवले आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी बनावटीच्या भट्ट्या चालू करायचं ठरलं, त्यामुळे हा प्रश्न आता नुसता गप्पांचा राहिलेला नाही. त्या तिघांना ओसरीवर बसवून जे सांगितलं ते इथे लिहिते. केंद्र हवं की नको, हे लोकांनी आणि सरकारने ठरवायचं. पण जागा चुकली तर ती चूक कुठलंही यंत्र भरून काढत नाही, हे मला पोटतिडकीने सांगायचं आहे.

'लहान' म्हणजे ३०० मेगावॅटपर्यंत. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० आणि ५५ मेगावॅटच्या भट्ट्यांवर काम करतंय, आणि आपली जुनी, हाताखालची २२० मेगावॅटची जड पाण्याची भट्टीही याच गटात येते. मडबनला, म्हणजे जैतापूर प्रकल्पात, प्रत्येकी १,७३० मेगावॅटच्या सहा भट्ट्या ठरल्या आहेत, त्यापुढे हे खरंच लहान. तरी जागेचे प्रश्न त्या प्रमाणात लहान होत नाहीत.

आधी कागदावर

पन्नास हजारी टोपोशीट, म्हणजे १:५०,००० प्रमाणाचा भूनकाशा, घ्या आणि प्रत्येक संभाव्य जागेभोवती कंपासने १, ५ आणि १६ किलोमीटरची वर्तुळं काढा. पहिल्या वर्तुळात एकही घर चालत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ पूर्वी हे अंतर दीड किलोमीटर धरायचं, २०१४ च्या सुधारित संहितेत ते किमान एक किलोमीटर झालं. दुसऱ्यात वस्तीच्या वाढीवर लक्ष ठेवायचं असतं. तिसरं आणीबाणीच्या नियोजनाचं. एक किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे ३१४ हेक्टर. समुद्रात घुसलेल्या टोकावर त्यातलं निम्मंअधिक पाण्यात जातं, म्हणून सगळ्यांची नजर आधी अशा टोकांवरच जाते. भट्टी लहान म्हणून वर्तुळही लहान करा, अशी मागणी जगभर होते आहे. यंत्राची सुरक्षितता सिद्ध करून वर्तुळ लहान झालं तर माझी हरकत नाही. मधे एक वाडी येते म्हणून लहान होणार असेल, तर जागा सोडा.

लोकसंख्या मोजताना जनगणनेचा आकडा घेऊन थांबू नका. आमच्या गावात एरवी दहातली सहा घरं बंद असतात आणि गणपतीला त्यातल्या प्रत्येक घरात दहा-बारा माणसं निजतात. शिमग्यालाही तेच. मार्च ते मे बागांमधून आंब्याच्या कामाला आलेले नेपाळी कामगार असतात, त्यांची नोंद कुठेच नसते. सोळा किलोमीटरमधली माणसं बाहेर काढायची वेळ आली, तर ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येईल असं धरून मोजा. आणि बाहेर काढायचं कुठून? दोन खाड्यांमधल्या टोकाला बहुधा एकच रस्ता असतो. जुलैत त्यावर एक झाड आडवं पडलं की दिवसभर एसटी बंद. दुसरा रस्ता नसेल आणि करताही येत नसेल, तर ती जागा नकाशावरच खोडा.

कातळाखालचं

कोकणाचा बराच भाग भूकंपाच्या बाबतीत मध्यम धोक्याच्या पट्ट्यात धरला गेला आहे, एवढं वाचून हायसं वाटून घेऊ नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घाटाच्या पलीकडे झाला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारी हादरलं, ते तर स्थिर समजल्या गेलेल्या भागात. काळ्या पाषाणाच्या जाड थरांखाली जुने भंग, म्हणजे जिथे खडक तुटून सरकला आहे त्या भेगा, झाकून जातात, वरून काही दिसत नाही. नियम असा, की जागेपासून ५ किलोमीटरच्या आत हालचाल करू शकेल असा भंग सापडला, तर जागा बाद. मग तो शोधायचा कसा?

आधी गरम पाण्याचे झरे नकाशावर मांडा. दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वरातली तुरळ, राजवाडी, आरवली, राजापूरचं उन्हाळे. साधारण उत्तर-दक्षिण अशी ओळ दिसेल. झरा म्हणजे भूकंप नव्हे. पण पाणी खोल जाऊन तापून वर येतं, म्हणजे खाली भेगा आहेत, आणि त्या ओळीच्या जवळ जास्त काटेकोर राहायला हवं. मग होडीतून कड्यांची पाहणी करा. लाव्हाच्या दोन थरांमधे विटेसारखा लाल मातीचा पट्टा असतो, आम्ही त्याला बोल म्हणतो. खाडीच्या अलीकडे तो पट्टा ज्या उंचीवर आहे, साधारण त्याच उंचीवर पलीकडे सापडायला हवा. चार-पाच मीटरचा फरक पडला आणि थरांच्या उताराने त्याचा हिशेब लागत नसला, तर तिथे चर खणून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बोअरमधून दगडाची जी कांडी वर येते तो कोअर. तो मांडून ठेवतात त्या कोअर बॉक्सवर स्वतः नजर ठेवा. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले एकूण लांबी, हा खडक किती अखंड आहे याचा हिशेब ऑफिसात बसूनही होतो. पण ड्रिलचं परत येणारं पाणी कुठल्या खोलीवर पांढरट-गुलाबी झालं आणि कुठे अचानक यायचंच थांबलं, हे फक्त यंत्राशेजारी उभ्या माणसाला कळतं. आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवर, वरचा जांभा कडक असतो, चिरे काढावेत असा. त्याच्याखाली मात्र मऊ, मेणासारखी माती असते, कधी दोन मीटर, कधी पंधरा. ती हाताशी लागत नाही, धुऊन जाते, आणि नोंदवहीत नुसतं 'कोअर मिळाला नाही' एवढं राहतं. जो कोअर मिळाला नाही त्याचीच चौकशी सगळ्यात जास्त करायची. भट्टीचा पाया त्या मातीच्या खाली, पक्क्या काळ्या पाषाणात जायला हवा.

पाणी, तीन बाजूंनी

माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे. एका प्रकल्पाच्या पंपघरासाठी मी एप्रिलमध्ये सड्यावर सहा बोअर घेतले. बारा मीटरपर्यंत कोरडे ठणठणीत. मी तसा अहवाल दिला. सड्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या एक आजी रोज आमचं काम बघायला यायच्या. त्या म्हणाल्या, "बाये, पावसात ये गो. तेवा कळात तुका, पाणी खंय आसता ता." मी हसून चहा घेतला. जुलैत गेले तेव्हा त्याच बोअरमध्ये पाणी दोन मीटरवर उभं होतं आणि खणलेला खड्डा भरून वाहत होता. जांभा चाळणीसारखा असतो. पाऊस त्यातून खाली उतरतो, त्या मऊ मातीवर अडतो आणि आडवा सरकत पायथ्याला झऱ्याने बाहेर पडतो. तोच झरा त्या वाडीची विहीर भरत होता.

अणुवीज केंद्रासाठी ही गोष्ट दुहेरी महत्त्वाची आहे. एक, पायावरचा पाण्याचा दाब. दुसरी त्याहून मोठी: केंद्राच्या आवारात जमिनीत काही झिरपलं, तर ते कोणाच्या विहिरीत आणि किती दिवसांत पोचेल? ते कळायला पावसाळ्यात सड्यावरच्या बोअरमध्ये रंग सोडा आणि पायथ्याच्या प्रत्येक झऱ्याचं, विहिरीचं पाणी तपासत राहा. गावाला आधी सांगून, निरुपद्रवी रंग वापरून. पिण्याच्या झऱ्यांकडे वाट जाते असं दिसलं, तर ती जागा मी तरी सोडेन.

वरून येणाऱ्या पाण्याला कमी लेखू नका. १९९४ च्या जूनमध्ये गुजरातेत काकरापारला मुसळधार पावसाने शेजारच्या तलावाचं पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. ते केंद्र समुद्रापासून आत आहे, तिथे फक्त पाऊस होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, ते आपण बघितलं आहे. सड्यावरचा प्रत्येक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, कुठे उगवतो आणि कुठे उतरतो हे छत्री घेऊन चालत बघायचं, कारण जानेवारीत तो नुसता दगडांचा पट्टा असतो आणि कोणीतरी त्यावर भिंत आखून मोकळा होतो.

आता समुद्र. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या, सुमारे दोन मीटरच्या. म्हणजे अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही हे खरं नाही. त्यात उधाणाची भरती आणि वादळाचं पाणी मिळवा. फुकुशिमाला मुळात सुमारे ३५ मीटर उंचीचं पठार होतं. पाणी वर चढवायचा खर्च वाचावा, हे एक कारण धरून ते कापून १० मीटरवर आणलं. २०११ ला लाट आली ती चौदा-पंधरा मीटरची. जपानमधलंच ओनागावाचं केंद्र भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ होतं, पण ते १४.८ मीटरवर बांधलं होतं, आणि ते सुखरूप बंद करता आलं. या दोन नावांची जोडी मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

आपल्या सड्याचा हिशेब करून बघा. २०० मेगावॅट वीज करणारी भट्टी साधारण ६०० मेगावॅट उष्णता तयार करते. उरलेली ४०० समुद्रात सोडायची, पाणी ७ अंशांहून जास्त न तापवता. त्यासाठी सेकंदाला सुमारे १४ घनमीटर पाणी लागतं. ते २० मीटर वर चढवायला साडेतीन मेगावॅटच्या आसपास वीज जाते, दोन टक्क्यांहून कमी. तेवढ्यासाठी सडा कापू नका. भट्टी वर ठेवा, पंप खाली, आणि पंपघर बुडणार असं धरूनच बांधा. २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमचं पंपघर बुडालं होतं, भट्टी नीट बंद झाली. बंद केल्यावरही उष्णता थांबत नाही, ६०० मेगावॅटच्या भट्टीत एका दिवसानंतरही तीनेक मेगावॅट उरते. त्यासाठीचं पाणी आणि डिझेल जनरेटर दोन्ही वर, सड्यावर हवेत.

पाणी खाडीच्या मुखाशी घेऊ नका. जूननंतर तिथे लाल गाळ येतो आणि वाळूचा दांडा दरवर्षी जागा बदलतो. कातळाचं टोक आणि लगेच खोल पाणी, अशी जागा बघा. पाइपांत शिणाणे आणि कालवं चिकटणारच, त्याची तजवीज करावी लागते. समुद्राचा प्रवाह मात्र दोन्ही ऋतूंत मोजा. किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. एकाच ऋतूत मोजून गरम पाणी सोडायची जागा ठरवली, तर दुसऱ्या ऋतूत तेच पाणी तुमच्या पंपात परत येईल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कुठे लागते, माशांची पिल्लं कुठे वाढतात, हे मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत रापणकरांकडे बसून विचारा. त्यांना तेव्हा वेळ असतो.

वाऱ्याचंही तसंच. दिवसा खारे वारे केंद्राकडची हवा आत नेतात, रात्री मतलई वारे तीच हवा समुद्रावर आणतात, आणि सकाळी ती पुन्हा आत येऊ शकते. मनोऱ्यावर किमान एक पूर्ण वर्ष नोंदी हव्यात. वीज बाहेर नेणाऱ्या आणि आत आणणाऱ्या दोन वाहिन्या वेगवेगळ्या घाटांतून याव्यात. जड यंत्रं घाटातून आणण्यापेक्षा जेटीवर उतरवणं सोपं.

गावात

मडबनला जमीन ठरली तेव्हा आणि नंतर जे झालं, ते आम्ही जवळून बघितलं. एप्रिल २०११ मध्ये शेजारच्या नाटे गावात आंदोलनात गोळीबार झाला आणि एक तरुण गेला. त्यामुळे सांगते, पहिला खांब रोवायच्या आधी ग्रामसभेत उभे राहा. ड्रिल मशीन घेऊन नाही, नकाशा घेऊन. 'ओसाड कातळ' हा शब्द तोंडातून काढू नका. त्या कातळावर पावसात गुरं चरतात, नाचणी-वरी होते, ऑगस्टमध्ये सडा फुलांनी निळा-पिवळा होतो, आणि कित्येक ठिकाणी कातळशिल्पं आहेत. ती दुपारी दिसत नाहीत. सकाळी आठच्या आत, तिरप्या उन्हात, गावातल्या गुराख्याला बरोबर घेऊन सगळा सडा पालथा घाला. शिल्प सापडलं तर जागा सरकवा.

सातबारा बघाल तर एका तुकड्यावर चाळीस नावं असतील. निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली, काहींचा पत्ता कोणालाच माहीत नाही. त्यांना गाठायला दोन वर्षं लागतील, ती वेळापत्रकात आधीच धरा. गावात राहणाऱ्या चार जणांच्या सह्या म्हणजे संमती नव्हे.

इतकं होऊन तीन जागा उरल्या, तर तिन्ही ठिकाणी मे महिन्यात बोअरमध्ये पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या बसवा. त्या वाचायचं काम त्याच वाडीतल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला द्या, पगार देऊन. रोज सकाळी त्याच वेळी, पहिल्या पावसापासून पुढच्या मेपर्यंत. वहीच्या दोन प्रती करा, एक तुमच्याकडे, एक ग्रामपंचायतीत. जागेचा अहवाल त्या वहीचं शेवटचं पान भरल्यावर लिहायला घ्या.