फेसलिफ्टनंतरही जबड्याशी कातडी लोंबतेय?

फेसलिफ्ट म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी घट्ट करण्याची शस्त्रक्रिया. तिच्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत आरशावर विश्वास ठेवू नका. सूज खाली उतरते, जबड्याच्या कडेला साठते आणि गाल लोंबल्यासारखे दिसतात. खरा आकार कळायला सहा महिने ते वर्ष लागते. तोवर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मान सरळ हवी. हनुवटी जरा खाली गेली तरी नसलेली वळी दिसते.

मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून दुखू लागली, तर आत रक्त साठले असू शकते. तेव्हा थांबायचे नाही, लगेच सर्जनला गाठायचे.

वर्षानंतरही लोंबणे राहिले तर कारण शोधा. नुसती कातडी ओढून शिवली आणि खालचा स्नायूंवरचा पडदा, म्हणजे स्मास, घट्ट केला नाही, तर ताण कातडीवर येतो आणि ती पुन्हा सैलावते. कानाची पाळी खाली ओढल्यासारखी दिसणे ही अशा ताणाची खूण. हनुवटीशेजारचा खळगा उरला असेल तर फिलर (कातडीखाली टोचायचे जेल) किंवा चरबी भरून कड सलग दिसते. जबड्याखालचा गोळा कधीकधी लाळग्रंथीचा असतो. लायपोसक्शनने, म्हणजे चरबी शोषून काढून, तो जात नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने कातडी आवळण्याचा, उपयोग थोड्याशा सैलपणापुरताच, जास्त कातडीला दुसरी शस्त्रक्रियाच लागते. त्याआधी वजन स्थिर करा, आणि सिगारेट निदान चार आठवडे बंद. नाहीतर कानामागची कातडी काळी पडून मरू शकते.