जुन्या कब कॅडेटला लोडर लावायचाय? लोडर राहू दे, आधी हे बघा

मी उलटं केलं होतं. आधी लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे लावायचे उचलणारे हात आणि बकेट, उचलून आणला, गॅरेजमध्ये टाकला, आणि मग ट्रॅक्टरला तो पेलवणार का हे बघायला लागलो. आता ओळखीतला कोणी विचारतो की माझ्याकडे पण जुना गार्डन ट्रॅक्टर आहे, लोडर लावू का, तर त्याला हेच सगळं सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, ट्रॅक्टर कब कॅडेट १४९, इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७१ ते ७४ मध्ये काढलेला, कोहलरचं १४ हॉर्सपॉवरचं एका सिलेंडरचं बिडाचं इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक गिअर (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा, पुढे नुसतं हायड्रो म्हणतो). तुमच्याकडे व्हील हॉर्स, केस किंवा जॉन डिअर १४० असेल तरी बरंचसं हेच लागू, फक्त हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाने लोडर उचलण्याचा भाग वेगळा, त्याचं पुढे सांगतो. गावाकडे भावाला फोटो पाठवला तर म्हणाला हा जेसीबी जत्रेत घेतलास का. हसू दे, पण त्याच्या हसण्यात मुद्दा आहे, हे मशीन गवत कापायला बनलंय आणि आपण त्याला ओझं उचलायला लावतोय.

सगळ्यात आधी कागद-पेन्सिल घ्या आणि तोलाचा हिशोब करा, पाना नंतर हातात घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधलं अंतर मोजा, माझ्याकडे ते ४५ इंच धरून चाललो. भरलेल्या बकेटचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या ३० इंच पुढे येतो असं धरा. आता बकेटमध्ये ४०० पाउंड माल आहे, तर पुढच्या अ‍ॅक्सलवर ४०० वाढत नाही, साधारण ६६७ वाढतं, कारण मागच्या चाकांवरून २६७ पाउंड उचलून तेही पुढेच येतं. यात लोडरचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही, तेही बहुतेक पुढेच पडतं. गावाकडे बैलगाडीत माल पुढे जास्त भरला की गाडी धुरजड झाली म्हणतात आणि बैलांच्या मानेकडे बघून माल मागे सरकवतात, इथे बैल नाहीत म्हणून कोणाला कळत नाही, थेट स्पिंडल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो दांडा) वाकल्यावर कळतं. माझं डावं वाकलं, ओल्या खडीची तिसरी का चौथी बकेट होती, मागे वजन शून्य. चूक पूर्णपणे माझी.

म्हणजे पहिली वस्तू जमवायची ती मागचं वजन. लोडर घरात यायच्या आधी हे तयार पाहिजे. मागच्या अ‍ॅक्सलच्या २४ इंच मागे ४०० पाउंड टांगलं तर पुढच्या अ‍ॅक्सलवरून साधारण २१३ पाउंड कमी होतं आणि मागे ६१३ वाढतं, म्हणजे टांगलेल्यापेक्षा जास्त. म्हणून चाकांवरची वजनं आणि टायरमध्ये भरलेलं पाणी चांगलंच, पण ते मागची पकड वाढवतं, पुढचा भार कमी करत नाही, हा फरक खूप जण विसरतात. मी काँक्रीट भरलेला ड्रम हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर घट्ट बोल्ट केलाय, दिसायला भयाण आहे, बायको म्हणते शेजाऱ्यांना दिसेल असा लावू नकोस. टायर भरायचे असतील तर २३ बाय १०.५० बाय १२ च्या एका टायरमध्ये तीसेक लिटर द्रव बसतो, नुसतं पाणी इथल्या थंडीत गोठतं, कॅल्शियम क्लोराईड स्वस्त आणि जड पण रिम खातं, त्यामुळे मी गाडीची काच धुवायचं थंडीतलं वॉशर फ्लुइड भरलं.

आता पुढचा अ‍ॅक्सल. पुढचं टोक जॅकवर उचला, स्टँड लावा, आणि प्रत्येक चाक हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. पन्नास वर्षांच्या मशीनमध्ये मधल्या पिव्होट पिनचं (ज्यावर पुढचा दांडा वर-खाली डुलतो) भोक लांबट झालेलं असणारच, पिन नवीन टाका, भोक रीमरने गोल करून बुश (आतली बारीक नळी) बसवा नाहीतर शिम (पातळ पत्रा) टाका, पण तसंच सोडू नका, लोडर लावल्यावर हा ढिलेपणा स्टिअरिंगमध्ये दहापट जाणवतो. स्पिंडलच्या खांद्यावर थ्रस्ट बेअरिंग टाका, नाहीतर लोखंडावर लोखंड घासतं आणि उभ्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग वळवताना खांदे निघतात. चाकात साधे बुश असतील तर बेअरिंग करून घ्या, टायर जास्त प्लायचे (थरांचे) घ्या. स्टिअरिंग बॉक्समधला कॅम फॉलोअर (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी खुंटी) झिजलेला असतो, बॉक्स उघडून बघा, ग्रीस भरा, अ‍ॅडजस्टमेंट आवळा, पण एवढी नाही की चाक मधोमध आलं की अडकेल. दोन्ही चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे बॉल जॉइंट स्वस्त असतात, विचार न करता दोन्हीकडचे नवीन टाका. हे सगळं मी स्पिंडल वाकल्यावर केलं.

ब्रेक. हे कोणी यादीत घालत नाही. या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागे असतो, आणि हायड्रो असेल तरी तुम्हाला थांबवतात ती मागचीच चाकं. उतारावर बकेट भरलेली, मागचा भाग हलका, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं घसरत जातात आणि ट्रॅक्टर निवांत खाली निघतो. म्हणून ब्रेकचे पॅड बघा, लिंकेज सेट करा, आणि मागचं वजन लावल्याशिवाय उतारावर जाऊच नका, वजन लावून गेलात तरी ओझं चढाच्या बाजूला ठेवा, चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स. त्या काळातल्या या मशीनना डोक्यावर रोल बार नाही, म्हणून बकेट कायम जमिनीपासून वीतभर वर, उंच फक्त ओतताना.

लोडर कुठला? जुने बाजारात मिळतात, जॉन्सन वर्कहॉर्स, क्विक-वे, आर्क वगैरे, पण जुना घेताना तो नक्की तुमच्याच मॉडेलच्या फ्रेमचा आहे का ते टेप लावून बघा, मला विकणाऱ्याने सांगितलं होतं की अगदी फिट्ट बसेल, बसला नाही, दोन ब्रॅकेट नव्याने कापावे लागले. घरी बनवणार असाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा, लोडर फक्त पुढच्या फ्रेमला बोल्ट करून चालत नाही. मातीच्या ढिगात बकेट खुपसता तेव्हा तो सगळा धक्का फ्रेमवर येतो, म्हणून खालून एक सबफ्रेम (जास्तीची आधाराची चौकट) पार मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगपर्यंत न्यायची आणि तिथे बांधायची, म्हणजे धक्का मागे जातो. हाउसिंग बिडाचं असतं, त्याच्यावर वेल्डिंग करायचं नाही, क्लॅम्प किंवा असलेल्याच बोल्टच्या जागा वापरायच्या. बोल्ट ग्रेड ५ किंवा ८ चे, डोक्यावर तीन रेघा म्हणजे ५, सहा रेघा म्हणजे ८, रेघच नाही ते बोल्ट डब्यात परत. वेल्डिंग ट्रॅक्टरवरच करणार असाल तर बॅटरी काढा, आणि अर्थ क्लॅम्प जिथे वेल्ड करताय त्याच्या अगदी शेजारी लावा, करंट बेअरिंगमधून फिरायला नको.

खांब वेल्ड करायच्या आधी पुठ्ठ्याचे करून बांधून बघा, खरंच. बॉनेट उघडतं का, ऑइलची डिपस्टिक निघते का, इंजिनला थंड करणाऱ्या पंख्याची हवा अडत नाही ना, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला सीटवर चढता-उतरता येतंय का. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा पाय अडकून हवेतच लटकलो होतो.

हायड्रॉलिक. केसचं ४४६ मॉडेल असेल तर तुम्ही नशीबवान, ते चालतंच हायड्रॉलिक पंप-मोटरवर, प्रेशर घरचंच आहे. कबच्या हायड्रोवर अवजार उचलायच्या लिफ्टपुरतं प्रेशर मिळतं, काही जण लोडरही त्याच्यावरच ओढतात पण लोडरचा हात हळू उठतो आणि नव्या सिलेंडरमधली घाण थेट ट्रान्समिशनमध्ये जायची भीती, म्हणून मी पंप, टाकी सगळं वेगळं केलं. पंप इंजिनच्या पुढच्या टोकाला, जिथे पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा जोड) असतो तिथे जबड्याच्या कपलिंगने जोडला. पंप घ्यायच्या आधी फिरायची दिशा बघा, उलटा फिरवला तर शाफ्टचं सील उडतं. किती मोठा? दीड इंच बोअर (आतला व्यास) आणि १८ इंच स्ट्रोकचे (दांड्याची सरक) दोन सिलेंडर भरायला साधारण ६४ घनइंच तेल लागतं, मिनिटाला ४ गॅलनचा पंप असेल तर हात चारेक सेकंदात वर, पुरे झालं. १००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) दाबाला एवढ्या बोअरचा एक सिलेंडर साधारण १७५० पाउंड जोर लावतो आणि पंप इंजिनकडून अडीच-तीन हॉर्सपॉवर खातो, १४ मधून परवडतं. प्रेशर १५००, २००० करायचा मोह होईल, लोडर जास्त उचलेलही, पण अ‍ॅक्सल तोच आहे. जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह कमी दाबावरच ठेवा, तोच तुमचा फ्यूज.

टाकीसाठी वेगळी जागा नसेल तर लोडरचे उभे खांब पोकळ नळीचे घ्या आणि त्यातच तेल भरा, घरी बनवलेल्या लोडरमध्ये सर्रास करतात, फक्त वेल्डिंगनंतर आतली राख-कचरा धुऊन काढा, दोनदा धुवा, आणि रिटर्न लाइनला फिल्टर. सक्शनचा पाइप जाड आणि आखूड. हात चालवायचा व्हॉल्व्ह फ्लोट (हात मोकळा सोडायची सोय) असलेला घ्या, बर्फ सारताना बकेट जमिनीवर आपोआप तरंगत राहते. जोड जेआयसी (धातूवर धातू बसणारे, टेप न लागणारे) वापरा, टेफ्लॉन टेपचा तुकडा आत गेला की व्हॉल्व्ह अडकतो आणि मग शोधत बसा. होज शेवटी मापा, हात पूर्ण वर आणि बकेट पूर्ण ओतलेली असताना, मग दुकानातून टोकांना जोड दाबून (क्रिम्प करून) आणा. तेल एडब्ल्यू ३२ (पातळसर हायड्रॉलिक तेल), इथल्या थंडीला बरं.

बकेट ४२ इंचापेक्षा मोठी नको, म्हणजे बाहेरच्या टायरच्या रुंदीएवढी. चार घनफुटाची बकेट मल्चने (झाडांभोवती टाकायचा लाकडाचा चुरा) भरली तर शंभरेक पाउंड, ओल्या खडीने भरली तर साडेचारशे, म्हणून खडी अर्धीच. मी बकेटच्या आत पांढऱ्या पेंटने रेघ मारलीय, मुलगा चालवतो तेव्हा माल तिच्या वर गेला की मी ओरडतो.

पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी जवळ ठेवायच्या गोष्टी म्हणजे जाड पुठ्ठा, हातमोजे, चष्मा, चिंध्या, तेलाचा जास्तीचा डबा आणि दोन मजबूत लाकडी टेकू. इंजिन हळू ठेवून हात चार-पाच वेळा वर-खाली करा, हवा निघेल, टाकीची लेव्हल खाली जाईल, परत भरा. गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा फिरवा, बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जाऊ शकतं, तसं झालं तर घरी बसायचं नाही, लगेच इमर्जन्सीला. उचललेल्या हातांखाली टेकू लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, होज फुटला की हात थांबत नाहीत. दोन तास काम झालं की सगळे बोल्ट परत आवळा, माझे सहा ढिले निघाले होते, सगळे सबफ्रेमच्या मागच्या टोकाचे. मग आठवड्यानंतर परत, तेव्हा एकच निघाला.