आयकॉन लायब्ररी वापरा, पण तिचं नाव एकाच फाइलमध्ये ठेवा

रिअ‍ॅक्टमध्ये आयकॉन हवे असले की मी सहसा ल्युसिड घेतो. फेदर आयकॉन्स या आयकॉनसंचातून फुटून निघालेली ही लायब्ररी; परवाना आयएससी हा मोकळा, त्यामुळे व्यावसायिक कामातही बिनधास्त वापरता येते. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून ‘ल्युसिड-रिअ‍ॅक्ट’ पॅकेज इन्स्टॉल करा, हवा तो आयकॉन नावाने इम्पोर्ट करा आणि इतर कंपोनंटसारखा टॅगमध्ये लिहा. इथवर काही अवघड नाही.

पुढे मात्र माझा एक हट्ट आहे. ‘आयकॉन्स’ नावाची एकच फाइल करा आणि सगळे इम्पोर्ट तिथेच घ्या. ‘ट्रॅश-टू’ तिथून ‘डिलीट-आयकॉन’ या नावाने एक्स्पोर्ट करा. नाव कामाचं हवं, चित्राचं नको. उद्या डिझायनरला कचरापेटीऐवजी फुली आवडली, तर एका ओळीत काम होतं. शिवाय लायब्ररीही नावं बदलत असते: ‘होम’चं ‘हाउस’ झालं, ‘एडिट’चं ‘स्क्वेअर-पेन’. चाळीस फाइलींत शोधाशोध करण्याची हौस असेल, तर गोष्ट वेगळी.

या फाइलीतही अख्खी लायब्ररी स्टार-इम्पोर्टने ओढून स्ट्रिंगवरून आयकॉन शोधू नका. नेमका कोणता लागणार हे बंडलरला (सगळा कोड एकत्र बांधणाऱ्या साधनाला) कळत नाही, मग तो हजारावर आयकॉन मुकाट्याने बंडलमध्ये कोंबतो.

रंगाचा प्रॉप, म्हणजे कंपोनंटला बाहेरून दिलेली सेटिंग, जवळजवळ कधीच लागत नाही. आयकॉनचा स्ट्रोक (रेघेचा रंग) मुळात ‘करंट-कलर’ असतो, म्हणजे बटणाच्या अक्षरांचा जो रंग तोच त्याचा. होव्हर, डार्क मोड, सगळं आपोआप सांभाळलं जातं. आयकॉनची तीच एसव्हीजी (वेक्टर चित्राची फाइल) इमेज टॅगमधून लावली, तर बाहेरचा रंग आत पोचत नाही. सीएसएसशी कितीही झटापट करा.

आकाराची गंमत जरा बारकाईने बघा. चित्र २४ बाय २४ च्या चौकटीत, रेघ २ ची. साइझ १६ केली की रेघ १.३३ पिक्सेल होते, ४८ केली की ४. एकाच पानावर दोन्ही आले की एक किडकिडीत, दुसरा आडदांड. ‘अ‍ॅब्सोल्यूट-स्ट्रोक-विड्थ’ हा प्रॉप लावला की रेघ साइझनुसार बदलत नाही. पण १६ वर २ ची रेघ चिखल वाटते, म्हणून तिथे मी १.५ देतो.

फ्लेक्स रांगेत मजकूर लांबला की आयकॉन चेपतो; ‘फ्लेक्स-श्रिंक’ शून्य करा. नुसत्या आयकॉनचं बटण असेल, तर ‘एरिया-लेबल’ बटणावर द्या आणि आयकॉन ‘एरिया-हिडन’ ठेवा, नाहीतर स्क्रीन रीडर फक्त ‘बटण’ म्हणून मोकळा होतो.

कंपनीचा लोगो लायब्ररीत मिळणार नाही. त्याची एसव्हीजी कंपोनंट करून याच फाइलीत टाका: विड्थ-हाइट काढा, लोगो एकरंगी असेल तर फिलला ‘करंट-कलर’ द्या. आणि एसव्हीजीओ या एसव्हीजी लहान करणाऱ्या साधनाने साफसफाई केली असेल, तर व्ह्यूबॉक्स (चित्राची मूळ चौकट सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) जागेवर आहे का ते आधी बघा. जुन्या आवृत्त्या तो न विचारता उडवतात, आणि मग साइझ कितीही बदला, लोगो आपला आकार सोडत नाही.