जुना हार्डकोअर पंक बँड बघायला जाताय? वेळेत पोहोचा

हार्डकोअर पंक म्हणजे पंक रॉकचा आणखी वेगवान, छोट्या गाण्यांचा प्रकार. लॉस एंजेलिसच्या सर्कल जर्क्स या अशाच बँडच्या १९८० सालच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि सगळी मिळून जेमतेम १५ मिनिटांची. म्हणजे पार्किंग शोधत फिरलात किंवा बाहेर टी-शर्टच्या रांगेत अडकलात, की तेवढ्यात चार-पाच गाणी गेलीच! टी-शर्ट नंतर घ्या.

स्टेजसमोर मधोमध जी धक्काबुक्की चालते, तो पिट. त्यात शिरायचं तर बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ, चष्मा खिशात नाही, बॅगेत. कुणी पडलं तर आधी त्याला उचलायचं, हा तिथला जुना रिवाज. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ साउंड डेस्कपाशी उभे राहा. मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ, तिथूनच होतं, त्यामुळे गाणंही तिथंच नीट ऐकू येतं.

फोमचे इअरप्लग मात्र हवेतच. नुसते कानात कोंबू नका. बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. बरेच जण इथंच घाई करतात आणि दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहते.