नोटबुकमधला आलेख अडखळतोय? दहा लाख बिंदूंसाठी असं करा

ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये पायथन कोड लिहून चालवण्याचं पान) दहा लाख बिंदूंचा स्कॅटर प्लॉट काढला, झूम करायला गेलात आणि टॅबच गोठला. अशा वेळी लगेच लायब्ररी बदलू नका. घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघा.

नोटबुकमध्ये कोड कर्नल, म्हणजे मागे चालणारा पायथन, चालवतो आणि आलेख ब्राउझर दाखवतो. डेटा या दोघांमध्ये बऱ्याचदा जेसन म्हणजे मजकूर होऊन जातो. 0.123456789 हा आकडा मजकुरात 11 बाइट खातो, फ्लोट32 मध्ये (32 बिटांत साठवलेली दशांश संख्या) फक्त 4. म्हणून सुरुवात इथून करा: डेटाफ्रेममधले (पायथनमधला डेटाचा तक्ता) लागतील तेवढेच कॉलम घ्या आणि फ्लोट32 करा. एक्स आणि वाय धरून दहा लाख बिंदू 8 एमबीत बसतात.

इथे एक खड्डा आहे, तो जपून ओलांडा. युनिक्स वेळ (1970 च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद) थेट फ्लोट32 मध्ये घातली, तर आजच्या तारखांसाठी लगतच्या दोन किमतींमध्ये 128 सेकंदांचं अंतर पडतं. झूम केल्यावर बिंदू उभ्या रेघांमध्ये गोळा झालेले दिसतात आणि डेटाच तसा आहे असं वाटतं. आधी सगळ्या वेळांमधून पहिली वेळ वजा करा, मगच रूपांतर करा.

आता रेखाटन. एसव्हीजी या चित्रप्रकारात प्रत्येक बिंदू हा पानावरचा वेगळा घटक असतो, त्यामुळे काही हजारांनंतर ब्राउझरला धाप लागते. वेबजीएल हे ब्राउझरमधलं तंत्र हेच काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतं. प्लॉटली आणि बोके या पायथनच्या आलेख लायब्ररी. प्लॉटलीत स्कॅटरऐवजी स्कॅटरजीएल वापरा, बोकेमध्ये आउटपुट बॅकएंड वेबजीएल ठेवा. फक्त स्कॅटर प्लॉटच हवा असेल तर मी ज्युपिटर-स्कॅटर ही लायब्ररी सुचवेन. लासोने, म्हणजे माउसने भोवती रेघ ओढून, निवडलेले बिंदू थेट पायथनमध्ये परत मिळतात. स्वतःचं विजेट, म्हणजे नोटबुकमध्ये चालणारा परस्परसंवादी घटक, लिहायचं असेल तर एनीविजेट ही लायब्ररी घ्या आणि डेटा बाइट्स म्हणूनच पाठवा.

बिंदू कोटीच्या घरात गेले की सगळे पाठवण्यात अर्थ नाही. 1000 बाय 600 च्या आलेखात पिक्सेलच मुळी सहा लाख. डेटाशेडर ही लायब्ररी वापरा. तो कोणत्या पिक्सेलवर किती बिंदू पडले ते कर्नलमध्ये मोजतो आणि तयार चित्र पाठवतो. होलोव्ह्यूज या आलेख लायब्ररीची जोड दिली की झूम करताना ही मोजणी पुन्हा होते. त्यासाठी कर्नल चालू लागतो. एचटीएमएल करून पाठवलेल्या फाइलमध्ये ती होणार नाही.

एकाच नोटबुकमध्ये वेबजीएलचे बरेच आलेख असतील तर वरचे अचानक कोरे होऊ शकतात. डेस्कटॉपवरचा क्रोम एका वेळी 16 वेबजीएल कॉन्टेक्स्ट (रेखाटनाच्या चालू जागा) ठेवतो, त्यापुढे सर्वांत जुना काढून टाकतो. नको असलेल्या सेलचं आउटपुट पुसत चला. सेव्ह करण्याआधीही ते पुसा, कारण प्लॉटलीच्या आलेखाचा डेटा नोटबुकच्या फाइलमध्येच साठतो आणि पुढच्या वेळी ती उघडायलाच वेळ लागतो.