कलम 185 ची केस हातात आली की : रक्ताचे कागद वाचताना

फौजदारी वकिलीत नव्यानं आलेल्यांकडे सीनियर बरेचदा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 च्या, केसेस सोपवतात. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, की गुन्हा. रिपोर्टवर आकडा छापलेला असतो, मग भांडायला उरलं काय, असं वाटतं. मी आकड्याकडे नंतर बघते. आधी शोधते, हे रक्त कोणी आणि कशासाठी काढलं?

अपघातातल्या जखमीचं रक्त दोनदा निघू शकतं: एकदा उपचारासाठी, एकदा पोलिसांच्या मागणीवरून, मोटार वाहन कायद्याच्या कलम 204 प्रमाणे. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 185 मध्ये ब्रेथ अॅनलायझरबरोबर प्रयोगशाळेतली चाचणीही आली, त्यामुळे हॉस्पिटलचा रिपोर्टही पुढे केला जाऊ शकतो. तो नीट वाचा. हॉस्पिटलची लॅब बहुतेकदा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, तपासते. सीरममध्ये पाण्याचं प्रमाण जास्त, म्हणून अल्कोहोलचा आकडा पूर्ण रक्तापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के वर जातो. सीरममध्ये 32 असेल, तर पूर्ण रक्तात तो 30 च्या आत येतो, आणि कायद्यातली मर्यादा रक्ताची आहे. पोलिसांच्या नमुन्यात वेगळं पाहायचं: बाटलीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड होतं का, सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटनं पुसली का, सील कोणाच्या ताब्यात राहिलं.

बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं 1961 मध्येच काठी कालू ओघड खटल्यात स्पष्ट केलं, आणि रक्ताच्या नमुन्यालाही तेच तत्त्व लागू होतं. त्या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

खासगीपणाचं तसं नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुरावा कायद्यात जे संरक्षण आहे, ते डॉक्टर आणि रुग्णाला नाही. पण 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरवर गुप्ततेचं बंधन घातलंय. मोजके अपवाद आहेत, त्यातला एक न्यायाधीशांच्या आदेशाचा. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. तेव्हा हॉस्पिटलचे सगळे केस पेपर मागवले जात असतील तर हरकत घ्या. गरोदरपण, मानसिक उपचार, जुने आजार यांचा या खटल्याशी संबंध काय? अल्कोहोलचा रिपोर्ट तेवढा येऊ द्या. यावर मी हट्टानं अडून बसते.

आणखी एक, जे फार कमी जण वाचतात: अशील हॉस्पिटलात दाखल असेल, तर रक्त घेण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवावं लागतं, आणि उपचाराला बाधा येईल असं सांगून ते नाही म्हणू शकतात. ती नोंद केस पेपरमध्ये आहे का, ते उलटतपासणीआधी बघून ठेवा.