दादर पारशी कॉलनीचे वृक्षाच्छादित रस्ते कसे पाहावेत

दादर टी.टी.ला, म्हणजेच खोदादाद सर्कलला उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने माटुंग्याच्या दिशेने निघावे आणि उजव्या हाताच्या रस्त्यांत वळावे. डावीकडची हिंदू कॉलनी, जिथे डॉ. आंबेडकरांचे ‘राजगृह’ आहे, दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावी. सकाळची वेळ उत्तम, कारण तेव्हा ऊन तिरपे असते आणि गाड्या कमी असतात.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असलेला बरा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि जुन्या शहरातल्या अंधाऱ्या, कोंदट चाळींचा प्रश्न सरकारला टाळता येईनासा झाला. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखीव वस्तीसाठी हाती घेण्यात आली. मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याने मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखून ठेवण्यास ट्रस्टला राजी केले आणि इमारती दोन मजल्यांहून उंच नसाव्यात असा दंडक घातला.

आता प्रत्यक्ष पाहणी. दोन इमारतींच्या मधोमध, पदपथावर उभे राहून आधी मधली मोकळी जागा पाहावी, नक्षी नंतर. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला होता; साध्या भाषेत, समोरच्या भिंतीची जेवढी उंची, तिच्या निम्मी तरी जागा खिडकीपुढे मोकळी असावी. हा हिशेब नजरेने करता येतो. जुनी इमारत आणि तिच्या शेजारी उभा राहिलेला नवा मनोरा यांची याच मापाने तुलना केली की फरक स्पष्ट होतो. माझ्या मते या वस्तीची खरी वास्तुकला या अंतरांतच आहे, कारण झाडांना वाढायला जागा मिळाली तीही त्यांच्यामुळेच.

झाडांकडे वळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जोशींनी निरनिराळ्या रस्त्यांसाठी निरनिराळी झाडे निवडली होती. फिरदौसी रोडवर महोगनी आहे, तर जाम-ए-जमशेद रोडवर अशोक. महोगनी ओळखायला पानापेक्षा फळ सोपे; उभे, कठीण, तपकिरी बोंड फुटले की त्यातून पंख असलेल्या बिया भिरभिरत खाली येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर हे झाड थोड्या काळासाठी निष्पर्ण होते आणि लगेच कोवळ्या पालवीने भरते, त्यामुळे इमारतींचे दर्शनी भाग न्याहाळायचे असतील तर तोच हंगाम साधावा. आपण ज्याला सर्रास अशोक म्हणतो तो लांब, नागमोडी कडांच्या पानांचा आसुपालव होय. सीतेचा अशोक वेगळा.

इमारतींत काय पाहावे? १९३० च्या दशकात मुंबईत रुजलेल्या आर्ट डेको शैलीच्या खुणा माटुंगा परिसरातही भेटतात: गोलाकार कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे, जिन्याच्या उभ्या जाळ्या. ओव्हल मैदानाभोवतीच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, इकडच्या नाहीत. पण इथे निदान झाडांच्या सावलीत उभे राहून पाहता येते. प्रवेशद्वारांवर फरवहरचे, म्हणजे पंख पसरलेल्या आकृतीचे झरथुष्ट्री चिन्ह दिसले तर थांबावे, मात्र घरांच्या आत डोकावून छायाचित्रे काढू नयेत. अग्यारीत, म्हणजे पारशी अग्निमंदिरात, पारशेतरांना प्रवेश नाही, ती बाहेरूनच पाहावी.

शेवटी कॉलनीतल्या पाच उद्यानांपाशी (फाइव्ह गार्डन्स) बसून झाडांच्या रांगेतल्या रिकाम्या जागा नोंदवाव्यात. महोगनीच्या ओळीत भलतेच रोप लावलेले असेल किंवा बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेले असेल, तर तेही लिहून ठेवावे. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही; तसे काही आढळल्यास महापालिकेच्या एफ उत्तर विभागातील उद्यान खात्याकडे रस्त्याचे नाव आणि छायाचित्र यांसह लेखी तक्रार करावी.